हॅकेथॉन कुठे शोधायची? विद्यार्थी आणि पालकांसाठी माहिती

दौलताबाद, खुलताबाद, कन्नड या पट्ट्यातली बरीच मुलं-मुली रोज बसने शहरातल्या कॉलेजात जातात. कुणी बीसीए करतंय, कुणी बीएस्सी कॉम्प्युटर, कुणी इंजिनिअरिंग. मार्कशीट चांगली असते, पण मुलाखतीत "तुम्ही स्वतः काय बनवलं?" असं विचारलं की गाडी अडते. हॅकेथॉन हे त्या प्रश्नाचं चांगलं उत्तर आहे. अडचण एवढीच की तिची जाहिरात मोहल्ल्यात लागत नाही. घरात कुणी इंजिनिअर नसेल तर सांगणारंही कुणी नसतं, आणि कळतं तेव्हा तारीख निघून गेलेली असते. म्हणून कुठे, कधी आणि कसं शोधायचं याची माहिती इथे एकत्र देत आहोत.

हॅकेथॉन म्हणजे काय?

नावात 'हॅक' असलं तरी याचा कुणाचं खातं फोडण्याशी संबंध नाही. हॅक आणि मॅरेथॉन जोडून 1999 मध्ये हा शब्द रूढ झाला. दिलेल्या मुदतीत, बहुधा 24 ते 48 तासांत, चार-सहा जणांच्या संघाने एका समस्येवर अ‍ॅप, वेबसाइट किंवा यंत्राचा चालता नमुना बनवायचा आणि परीक्षकांना दाखवायचा. संघात सगळ्यांना कोडिंग यावंच लागतं असं नाही. स्क्रीनची रचना करणारा, माहिती गोळा करणारा, नीट समजावून सांगणारा, हे सगळे लागतात.

पहिला दरवाजा: आपलं कॉलेज

देशातली सगळ्यात मोठी विद्यार्थी हॅकेथॉन म्हणजे 'स्मार्ट इंडिया हॅकेथॉन'. केंद्रीय शिक्षण मंत्रालय आणि एआयसीटीई ती 2017 पासून घेतात. सरकारी खाती, मंत्रालयं आणि कंपन्या आपापल्या समस्या देतात. संघ सहा जणांचा असतो आणि त्यात किमान एक मुलगी असणं सक्तीचं आहे. सॉफ्टवेअरची अंतिम फेरी सलग 36 तासांची असते.

पण इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. या स्पर्धेत विद्यार्थी थेट अर्ज करू शकत नाही. आधी कॉलेजात अंतर्गत हॅकेथॉन होते, मग कॉलेजचे नेमलेले समन्वयक निवडक संघांची नावं पाठवतात. कॉलेजने नोंदणीच केली नसेल तर कितीही हुशार मुलगा बाहेरच राहतो. गेल्या काही वर्षांत समस्यांची यादी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास आली आणि अंतिम फेरी डिसेंबरात झाली. म्हणून जुलैतच विभागप्रमुखांना भेटून विचारावं: "सर, आपले एसआयएचचे समन्वयक कोण आहेत? अंतर्गत फेरी कधी आहे?" कुणी नेमलेलं नसेल तर पाच-सहा जणांनी मिळून प्राचार्यांकडे लेखी अर्ज द्यावा. तोंडी विनंती विसरली जाते, कागद फाइलला राहतो.

मोबाइलवर कुठे पाहायचं?

अनस्टॉप: भारतातल्या कॉलेजांच्या स्पर्धा इथे सगळ्यात जास्त सापडतात. हॅकेथॉनचा वेगळा विभाग आहे.

डेव्हफोलिओ: ही भारतीय साइट आहे. विद्यार्थ्यांच्या अनेक मोठ्या हॅकेथॉनचे अर्ज इथूनच भरले जातात.

डेव्हपोस्ट: जगभरच्या स्पर्धा. 'ऑनलाइन' हे फिल्टर लावलं की घरबसल्या भाग घेता येईल अशाच दिसतात. मात्र वयाची आणि देशाची अट आधी वाचावी.

मेजर लीग हॅकिंग: यांचा 'ग्लोबल हॅक वीक' ऑनलाइन असतो. अगदी नवख्यांनी सुरुवात इथून करावी.

नासा स्पेस अ‍ॅप्स चॅलेंज: 2012 पासून दरवर्षी एका शनिवार-रविवारी, बहुधा ऑक्टोबरमध्ये. फी नाही.

आठवड्यातून एक दिवस ठरवून, समजा रविवारी सकाळी, या साइट पाहाव्यात. तारीख दिसली की लगेच कॅलेंडरमध्ये टाकावी. शहरात विद्यापीठ परिसरातलं नाइलिट केंद्र, 'मॅजिक' हे नवउद्योगांना मदत करणारं केंद्र आणि इंजिनिअरिंग कॉलेजांचे वार्षिक टेकफेस्ट यांच्या सूचनांवरही नजर ठेवावी. शाळकरी मुलांसाठी अटल इनोव्हेशन मिशनची एटीएल मॅरेथॉन असते. शाळेत विचारून घ्यावं.

विषय कुठून आणायचा?

नाशिकचं उदाहरण पाहा. 2003 च्या कुंभमेळ्यात चेंगराचेंगरीत 39 जणांचा जीव गेला. 2015 च्या कुंभाआधी एमआयटीचे प्राध्यापक, मूळचे नाशिककर रमेश रासकर यांच्या पुढाकाराने तिथे 'कुंभथॉन' भरवली गेली. त्यातूनच निलय कुलकर्णी या शाळकरी मुलाने साथीदारांसह 'आशिओतो' नावाची चटई तयार केली. चटईवर पाऊल पडलं की मोजणी होते आणि गर्दी किती वाढतेय ते लगेच कळतं. कुंभात ती वापरलीही गेली.

आपल्याकडे असे विषय कमी आहेत का? खुलताबादच्या उरुसात गर्दी होते. सुट्टीच्या दिवशी दौलताबाद घाटातल्या वेशीत गाड्या अडकतात. किल्ल्याच्या पायथ्याशी सीताफळ आणि पेरू विकणाऱ्यांना शहरातला भाव कळत नाही. ज्याने हे रोज पाहिलंय, तो परीक्षकांपुढे ते पुस्तकी मुलापेक्षा चांगलं मांडू शकतो.

पालकांनी काय तपासावं?

फी: स्मार्ट इंडिया हॅकेथॉनसारख्या सरकारी स्पर्धांना प्रवेश फी नसते. काही कॉलेजं थोडी फी घेतात. पण "प्रमाणपत्रासाठी पैसे भरा" असा मेसेज आला तर आधी कॉलेजात खात्री करावी. ओटीपी कुणालाही देऊ नये.

मुलींचा मुक्काम: रात्रभराच्या स्पर्धेसाठी कॉलेजचं पत्र, सोबत जाणाऱ्या मॅडमचा नंबर आणि राहण्याच्या जागेचा पत्ता घ्यावा. एवढी खात्री झाली की अम्मी-अब्बूंनी नाही म्हणू नये. संघाला मुलगी लागतेच, त्यामुळे आपल्या लेकींना इथे मानाची जागा आहे. तरीही मन धजत नसेल तर पहिली स्पर्धा ऑनलाइन करू द्यावी.

नमाज आणि जेवण: संघात काम वाटून घेतलेलं असतं, नमाजासाठी उठता येतं. जेवणाचं आयोजकांना आधीच विचारावं.

बक्षीस नाही मिळालं तरी?

बहुतेक संघांना मिळत नाही. पण बनवलेलं काम गिटहबवर टाकून ठेवावं आणि बायोडेटात त्याची लिंक द्यावी. पुढच्या मुलाखतीत "काय बनवलं?" असं विचारलं की दाखवायला काहीतरी असेल. आणि शेजारच्या मुलालाही तारीख सांगावी. आपल्याकडे अक्कल कमी नाही, खबर उशिरा पोहोचते.