टीव्ही गेमवर बातम्या, आणि खामगावचा भाव

या वीकेंडचा विषय जरा विचित्र आहे. टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमवर बातम्या वाचणं. हो हो, तोच मारिओ आणि कॉन्ट्रावाला गेम. "त्यावर कोण बातम्या वाचतं?" असं तुम्ही म्हणाल. पण लोक वाचायचे. आणि ही गोष्ट सांगता सांगता आपण बुलढाणा जिल्ह्यात, माझ्या खामगावात, पोचणार आहोत. धीर धरा.

पिवळ्या कॅसेटचा व्हिडिओ गेम आठवतो? आमच्या गल्लीतही एक होता. कॅसेटवर लिहिलेलं असायचं ९९९९ गेम्स, आत निघायचे मोजून आठ-दहा, तेच फिरून फिरून. हे यंत्र म्हणजे निन्टेंडोच्या फॅमिकॉमची स्वस्त नक्कल. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ साली आला. प्रोसेसर पावणेदोन मेगाहर्ट्झच्या आसपास, वर्किंग रॅम फक्त २ किलोबाइट. आज आपण ऑफिसात जो ईमेल पाठवतो त्याची सहीसुद्धा एवढ्यात मावणार नाही.

तर याच यंत्राला निन्टेंडोने १९८८ मध्ये मोडेम जोडला. सोबत होती नोमुरा सिक्युरिटीज ही शेअर दलाली करणारी मोठी कंपनी. फोनची वायर मोडेमला लावायची, टीव्ही चालू करायचा, की पडद्यावर शेअरचे भाव. घरबसल्या खरेदी-विक्रीही करता यायची. हवामानाचा अंदाज मिळायचा, पुढे घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावायची सोयही आली. मोडेम विकले गेले साधारण १ लाख ३० हजार. निन्टेंडोच्या मानाने हा धंदा आपटलाच म्हणायचा. पण विचार करा, भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, आणि त्याच्या सात वर्षं आधी जपानी गृहस्थ मुलाचा गेम बाजूला सारून भाव बघत बसलेला!

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. त्या मोडेममध्ये जपानी कांजी अक्षरांच्या आकृत्यांची एक वेगळी रॉम चिप होती. कारण उघड आहे. २ किलोबाइटच्या यंत्रात हजारो अक्षरं ठेवणार कुठे? म्हणजे बातमी पाठवण्याआधी त्यांनी लिपीची सोय केली.

आता 'भाव' या शब्दावरून खामगावला येऊ. भाव कळण्यासाठी तारा टाकायचा उद्योग आमच्याकडे त्याआधी शंभरेक वर्षांपूर्वी झालाय. खामगाव तेव्हा वऱ्हाडातल्या कापसाची मोठी बाजारपेठ. १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला. त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो हजर. तेरा किलोमीटरच्या फाट्यासाठी व्हाइसरॉय कशाला येतो? तर कापसासाठी. आणि त्याच वर्षी समुद्राखालची तार सुएझमार्गे मुंबईला लंडनशी जोडून गेली. विलायतेत कापसाचा भाव काय, हे आता मुंबईच्या व्यापाऱ्याला काही तासांत कळू लागलं. शेतकऱ्याला? त्याला कळायचं ते व्यापारी सांगेल तेवढंच. तार होती, बातमी होती, पण ती त्याच्या भाषेत नव्हती आणि त्याच्यासाठी तर नव्हतीच.

हे लक्षात ठेवा आणि आता उडी मारून २००७ मध्ये या. निन्टेंडोचा वी हा कन्सोल नुकताच बाजारात आला होता. जानेवारी २००७ मध्ये त्यावर न्यूज चॅनल सुरू झालं. कल्पना झकास होती. पडद्यावर पृथ्वीचा गोल, रिमोटने पकडून फिरवायचा, आणि जिथे बातमी घडली तिथे नकाशावर खूण. अमेरिका-युरोपात बातम्या असोसिएटेड प्रेसच्या. भाषा इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, इटालियन, डच, आणि जपानमध्ये अर्थातच जपानी.

मराठी? नाव काढू नका.

आता कोणी म्हणेल, देवनागरी अवघड असते ना. असते, मान्य. जोडाक्षरं, वेलांट्या, रफार, सगळा खेळ आहे. पण तो सुटलेला होता. १९८८ मध्येच पुण्यात सी-डॅक स्थापन झालं. त्यांचं जिस्ट कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवलं की पडद्यावर देवनागरी दिसायची. म्हणजे जपान्यांची कांजी चिप आणि आपलं हे कार्ड, इलाज एकाच जातीचा. १९९१ मध्ये युनिकोडमध्येही देवनागरी आली. तरी २००७ च्या सुमारास मराठी पेपरांच्या कितीतरी साइट्स आपापला वेगळा फॉन्ट घेऊन बसल्या होत्या. फॉन्ट नसला की पडद्यावर नुसता कचरा. दुसऱ्याला काय बोलणार?

समजा भाषेचं जमलं असतं, तरी त्या गोलावर बुलढाणा कधी चमकला असता? न्यूज चॅनल जून २०१३ मध्ये बंद झालं, पण नंतरच्या काळाचा हिशोब लावून बघू. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, जगभर फोटो गेले. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस पेटली, २५ जण गेले. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस गळायला लागले. चमत्कार, अपघात, विचित्र आजार. जगाच्या गोलावर आपला जिल्हा दिसतो तो असा. खामगावच्या बाजार समितीत आज सोयाबीनला काय भाव फुटला, ही बातमी त्या गोलावर कधीच आली नसती. आणि आमच्या काकांना रोज सकाळी नेमकी तेवढीच बातमी हवी असते.

गंमत म्हणजे न्यूज चॅनल पुन्हा जिवंत झालंय. रीकनेक्ट२४ नावाच्या प्रकल्पात हौशी प्रोग्रामर मंडळींनी स्वतःचे सर्व्हर उभे करून जुन्या वीला परत बातम्या पुरवल्या. हे वाचल्यावर मला पटलं की यंत्र कधीच अडत नाही. २ किलोबाइटवाला फॅमिकॉमही अडला नव्हता. अडतं ते पलीकडच्या टोकाला. बातमी कोण पाठवतंय, कोणत्या लिपीत, आणि कोणासाठी.

काकांचा प्रश्न शेवटी सुटला तो स्वस्त मोबाइल डेटा आणि युनिकोडमुळे. आता भाव व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, मराठीत, अडत्याकडे पोचायच्या आधी. भाव वाढलाय असं मात्र नाही, पण निदान गाडी जुंपायची की नाही ते घरी बसून ठरवता येतं. १८७० च्या शेतकऱ्याला हे जमलं नव्हतं.

असो. आपण आयटीवाले रोज कुठला ना कुठला फीड, डॅशबोर्ड, अ‍ॅप बांधत असतो. पुढच्या वेळी रिक्वायरमेंटची चर्चा चालू असेल तेव्हा एक प्रश्न विचारून बघा: यात खामगावचा भाव दिसेल का? मी विचारतो. लोक हसतात, पण विचारतो :-)