रस्ता आला तेव्हा

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर ॲपलक्रॉस नावाचं गाव आहे. समोर समुद्र, त्यात रासे बेट आणि रासेच्या मागे स्कायचे डोंगर. गावाच्या पाठीला ‘ब्यालख ना बा’ हा गुरांचा घाट. समुद्रसपाटीपासून 626 मीटर चढणारा हा रस्ता 1822 मध्ये झाला. नवशिक्या चालकांनी आणि अवजड गाड्यांनी इकडे वळू नये, अशी पाटी आजही घाटाच्या पायथ्याशी उभी आहे. 1970 च्या दशकाच्या मध्यापर्यंत गावात यायला ही एकच सडक होती. बर्फ पडला की तीही बंद व्हायची आणि मग उरायचा तो समुद्र.

सुट्टीत आम्ही ज्यांच्या घरी भाड्याने उतरायचो, त्या आजींकडून मी हे गाव ऐकलं. त्यांच्या बोलण्यात सनावळ्या नसायच्या. कुठली गोष्ट कधीची, हे कोणाचं लग्न झालं होतं आणि कोण मुंबई-कलकत्त्याच्या बोटींवर कामाला गेलं होतं, यावरून लावायचं. त्यांच्या आईच्या काळात टपालाची आगबोट खाडीत थांबे. तिला लागायला धक्काच नव्हता. कोकणात आगबोटीला पडाव लागायचे, तशी गावातली चार माणसं वल्ह्यांची होडी घेऊन तिच्याकडे जायची. पिठाची पोती, पत्रं, मेंढ्या, माणसं, सगळं त्याच होडीतून किनाऱ्याला यायचं. आजींना त्या तान्ह्या असताना असंच उतरवलेलं. लाट होडीला वर उचलेल तेवढा क्षण साधून खलाशाने शालीतलं गाठोडं खाली दिलं आणि होडीतल्या माणसाने ते छातीशी धरलं. ते सांगताना आजी दोन्ही हात पुढे करून दाखवायच्या, बोटं ताणलेली, कोपरं किंचित वाकलेली. आईने त्यांना तसंच दाखवलं असणार.

पुढे गावाच्या दक्षिणेला टॉस्केगला धक्का झाला आणि 1956 पासून ‘लॉख टॉस्केग’ ही छोटी बोट तिथून काइलला ये-जा करू लागली. काइलला रेल्वे होती, दुकानं होती. आजींच्या तरुणपणाची सगळी खरेदी त्या बोटीच्या वेळापत्रकावर चालायची.

पण ही झाली मुख्य गावाची कथा. उत्तरेच्या किनाऱ्यावरच्या लोनबेन, कूएग अशा वाड्यांना रस्ता असा नव्हताच, होती ती पायवाट. टपालवाला पायी जायचा आणि मूल होणार असलं की नर्सही पायीच. माणूस गेला तर शवपेटी खांद्यावर घेऊन शेजारीपाजारी आळीपाळीने चालायचे. त्या वाटेने मी थोडी चालले आहे. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला दलदल, पाऊल ठेवावं तिथे पाणी वर येतं. खांद्यावर ओझं घेऊन इथून माणसं चालली, या विचाराने माझ्या पोटात कालवलं.

दवाखान्याच्या बाबतीत मात्र हा मुलूख पुढे होता. इथल्या हलाखीची पाहणी करून ड्यूअर समितीने 1912 मध्ये अहवाल दिला. पाठोपाठ 1913 मध्ये हायलँड आणि बेटांसाठी सरकारी वैद्यकीय सेवा सुरू झाली. डॉक्टरला सरकारी अनुदान, प्रवासाचा खर्च सरकारकडून, आणि रोगी कितीही लांब असला तरी त्याची फी माफकच. साऱ्या ब्रिटनला राष्ट्रीय आरोग्यसेवा मिळाली ती 1948 मध्ये. गरीब, विरळ वस्तीच्या भागात डॉक्टर स्वतःहून टिकत नाही, त्याला टिकवावं लागतं, हे त्या समितीला कळलं होतं. रस्त्याच्या बाबतीत ही समज कोणाला फार काळ आली नाही.

उत्तरेच्या किनाऱ्याने शील्डेग गावापर्यंत जाणारा रस्ता पुरा झाला तो 1970 च्या दशकाच्या मध्याला. तोवर वाड्यांतली बहुतेक बिऱ्हाडं उठली होती. मुलं मोठ्या शाळेसाठी बाहेरगावी राहायला गेली, ती तिकडचीच झाली. म्हातारी माणसं मागोमाग गेली. आजींच्या आत्याने त्या रस्त्यासाठी जन्मभर अर्जांवर सह्या केल्या, आणि डांबर तिच्या दारापर्यंत पोचलं तेव्हा घराला छप्पर नव्हतं. हे सांगताना आजींचा आवाज चढायचा. मला त्यांचा राग रास्त वाटतो. तीस-चाळीस वर्षं उशिरा आलेल्या सोयीला सोय म्हणायला माझं मन तयार होत नाही.

समोरच्या रासेवरही हेच घडलं. तिथल्या कॅलम मॅक्लाउडने वर्षानुवर्षं रस्ता मागितला आणि नकार ऐकले. शेवटी अर्धा क्राउन मोजून रस्तेबांधणीचं जुनं पुस्तक घेतलं आणि कुदळ, फावडं, ढकलगाडी घेऊन ब्रोखेल ते आर्निश हा पावणेदोन मैलांचा रस्ता 1964 पासून दहाएक वर्षांत स्वतः तयार केला. सुरुंगाचं काही काम सरकारी खात्याने करून दिलं, बाकी सगळं त्याच्या हातचं. काम संपलं तेव्हा आर्निशमध्ये तो आणि त्याची बायको एवढेच उरले होते. रस्त्यावर डांबर पडलं 1982 मध्ये. कॅलम 1988 मध्ये वारला.

ॲपलक्रॉसमधल्या अलीकडच्या सोयी गावकऱ्यांनी उभ्या केल्या आहेत. पेट्रोल पंप बंद पडू नये म्हणून गावाच्या कंपनीने तो चालवायला घेतला. तिथे नोकर नाही, कार्ड घालायचं आणि आपलं आपण भरून घ्यायचं. ओढ्याच्या पाण्यावर छोटा वीजप्रकल्प आहे, त्याचं भांडवल शेअर विकून उभं केलं. 2015 पासून स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्याच्या पाचशे मैलांच्या फेरीची जाहिरात सुरू झाली आणि उन्हाळ्यात गाड्यांची रांग लागू लागली. पबात पाय ठेवायला जागा नसते.

नव्या बिऱ्हाडाला घर मात्र मिळत नाही. बाहेरच्यांनी सुट्टीसाठी घेतलेली घरं हिवाळाभर कुलपात असतात, आणि गावात कामाला आलेला तरुण जोडीदारासह कॅरॅव्हॅनमध्ये राहतो. आजींना याचा सगळ्यात जास्त घोर आहे. घराचा वरचा मजला त्यांनी पाहुण्यांना देणं थांबवलं आहे, आम्हालाही. तिथे आता लहान मुलं असलेलं एक कुटुंब वर्षभराच्या कराराने राहतं. भाडं आम्ही द्यायचो त्याच्या निम्मंसुद्धा नाही.