स्तंभनदोषावरील औषधे आणि अरेखित स्नायूंचे शिथिलन

समागमासाठी पुरेशी लिंगाची ताठरता न येणे किंवा ती न टिकणे यास स्तंभनदोष म्हणतात. यावरील प्रमुख औषधे शिश्नातील अरेखित, म्हणजेच अनैच्छिक, स्नायू सैल करतात. अंतिम परिणाम एकच असला तरी प्रत्येक गटाचा मार्ग वेगळा आहे. औषधाला लैंगिक उत्तेजनेची जोड लागते की नाही आणि कोणत्या औषधाबरोबर ते घातक ठरते, हे या मार्गावर अवलंबून असते.

नैसर्गिक क्रिया

शिश्नातील स्पंजासारख्या दोन दंडाकार पिंडांत व तेथील रोहिण्यांच्या भिंतींत अरेखित स्नायू असतात. एरवी नॉरॲड्रेनॅलिनच्या प्रभावाने ते आकुंचित राहतात व पिंडांत थोडेच रक्त येते. उत्तेजनेच्या वेळी चेतातंतूंची टोके आणि रक्तवाहिन्यांचे अंतःस्तर नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडतात. स्नायुपेशीत तो ग्वानिलेट सायक्लेज या विकराला चालना देतो व चक्रीय जीएमपी हे संयुग तयार होते. त्यामुळे पेशीतील मुक्त कॅल्शियम आयन घटतात आणि स्नायू सैल पडतो. पोकळ्या रक्ताने भरतात, नीला दाबल्या जातात आणि रक्त आत अडून राहते. पुढे फॉस्फोडायएस्टरेज-५ हे विकर चक्रीय जीएमपीचे विघटन करते व ताठरता ओसरते.

नायट्रिक ऑक्साइडच्या संदेशवाहक कार्याच्या शोधाबद्दल रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिड मुराद यांना १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पोटात घेण्याची औषधे

सिल्डेनाफिल, टाडालाफिल व वार्डेनाफिल ही औषधे फॉस्फोडायएस्टरेज-५ ला रोखतात. ती चक्रीय जीएमपी निर्माण करीत नाहीत. निर्माण झालेले टिकवून धरतात. म्हणून उत्तेजनेवाचून त्यांचा अपेक्षित परिणाम दिसत नाही. सिल्डेनाफिल मुळात हृदयशूळावर तपासले जात होते. १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला स्तंभनदोषासाठी मान्यता मिळाली. त्याचा अर्धायुकाल सुमारे ४ तास असून स्निग्ध जेवणानंतर त्याचा परिणाम उशिरा होतो. टाडालाफिलचा अर्धायुकाल सुमारे १७.५ तास असून अन्नाचा त्याच्या शोषणावर विशेष परिणाम होत नाही. सिल्डेनाफिल दृष्टिपटलातील फॉस्फोडायएस्टरेज-६ लाही काही प्रमाणात रोखते. त्यामुळे काहींना तात्पुरती निळसर छटा दिसते.

टोचून देण्याची औषधे

* आल्प्रोस्टाडिल: हे प्रोस्टाग्लँडिन ई-१ होय. पेशीवरील ग्राहींमार्फत ते चक्रीय एएमपी वाढवते. नायट्रिक ऑक्साइडवर अवलंबून नसल्याने, शस्त्रक्रियेत चेतातंतूंना इजा झालेल्या रुग्णांतही ते उपयोगी पडू शकते.
* पापाव्हेरिन: अफूत आढळणारे हे अल्कलॉइड अनेक फॉस्फोडायएस्टरेजांना एकाच वेळी रोखते; त्यामुळे चक्रीय एएमपी व जीएमपी दोन्ही वाढतात. रोनाल्ड विराग यांनी १९८२ मध्ये त्याचा असा वापर प्रसिद्ध केला.
* फेन्टोलामिन: हे नॉरॲड्रेनॅलिनचे अल्फा ग्राही अडवते, म्हणजे आकुंचनाचा आदेशच थांबवते. ते बहुधा इतर औषधांच्या जोडीने देतात.

आल्प्रोस्टाडिल व पापाव्हेरिन उत्तेजनेवाचूनही ताठरता आणू शकतात. मात्र या गटात ताठरता दीर्घकाळ न उतरण्याचा धोका अधिक असतो. ती ४ तासांपेक्षा जास्त टिकल्यास ऊतींची कायमची हानी होऊ शकते. तातडीने रुग्णालयात जाणे आवश्यक ठरते.

नायट्रेटांशी घातक संयोग

हृदयशूळावर जिभेखाली ठेवण्याच्या गोळ्यांत नायट्रोग्लिसरिन किंवा आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट असते. ही नायट्रेटे शरीरभर नायट्रिक ऑक्साइड पुरवून चक्रीय जीएमपी वाढवतात. त्याच वेळी त्याचे विघटनही रोखले गेले, तर सर्वत्र रक्तवाहिन्या प्रसरण पावून रक्तदाब प्राणघातक पातळीपर्यंत उतरू शकतो. म्हणून नायट्रेट घेणाऱ्यांना वरील गोळ्या वर्ज्य आहेत. छातीत दुखू लागल्यास अशी गोळी घेतल्याचे डॉक्टरांना संकोच न करता सांगणे आवश्यक आहे. सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टाडालाफिलनंतर किमान ४८ तास नायट्रेट टाळतात.

अन्य उपयोग

फुप्फुसांच्या रोहिण्यांतही फॉस्फोडायएस्टरेज-५ असते. त्यामुळे सिल्डेनाफिल व टाडालाफिल ही औषधे फुप्फुसीय रोहिणी-उच्चदाबावर स्त्री-पुरुष दोघांनाही दिली जातात.