भंडारदरा : काजवे, स्वातंत्र्यदिन आणि घाटरस्ता

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, भंडारदरा परिसरात, मेअखेरीपासून पावसाचा जोर वाढेपर्यंत रात्री काजव्यांचा लखलखाट पाहावयास मिळतो. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा वृक्षांवर ते आढळतात. हा प्रकाश म्हणजे नर-मादीतील संकेत होय; वाहनांच्या दिव्यांनी त्यात व्यत्यय येतो. तथापि काजवे दिसावेत म्हणून दिवे मालवून वाहन चालविणे जिवावर बेतू शकते. घाटरस्ता दिवसाउजेडीच पार करावा; वाहन रस्त्याबाहेर उभे केल्यावरच दिवे मालवावेत.

पावसाळ्यात स्वातंत्र्यदिनाच्या सुटीला, प्रवरेवर १९२६ साली पूर्ण झालेले धरण पाहण्यासाठी येथे पुन्हा गर्दी लोटते. तेव्हा धुके व निसरडा रस्ता ध्यानी घेऊन वेग आवरावा आणि रंधा धबधब्याच्या कड्यापासून दूर राहावे.