दाहाची वर्दी देणारे प्रथिन

गेवराई तालुक्यातल्या उमापूरसारख्या गावात राखणीचा कुत्रा दोन दिवस भाकरीला तोंड लावीनासा झाला, की आपण काय करतो? नाक कोरडे आहे का, कान तापलेत का ते पाहतो आणि बहुधा वाट पाहतो. कुठे दुखते हे कुत्र्याला सांगता येत नाही. त्याचे रक्त मात्र थोडेफार सांगते. हे कसे कळले, त्याची सुरुवात माणसाच्या न्यूमोनियात आहे.

१९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस न्यूमोनियाच्या रुग्णांचा रक्तरस तपासत होते. पेनिसिलीन तेव्हा वापरात आले नव्हते. न्यूमोकॉकस जंतूपासून काढलेल्या ‘सी’ नावाच्या अंशात रुग्णाचा रक्तरस मिसळला, की साका बसे. ही प्रतिपिंडांची करामत असती, तर रुग्ण बरा होताना ती वाढायला हवी होती. घडे उलटेच! आजार भरात असताना साका बसे, ताप उतरल्यावर बसेनासा होई. हा पदार्थ प्रथिन असल्याचे ऑस्वाल्ड एव्हरी आणि सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये दाखवले. (डी.एन.ए.वरील १९४४ चा प्रसिद्ध प्रयोग याच एव्हरींचा. वर्गात जरूर सांगावे.) त्याला सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, थोडक्यात सी.आर.पी. म्हणतात. शरीरात दाह सुरू झाला, की यकृत ते झपाट्याने बनवू लागते.

कुत्र्याच्या रक्तातही असेच प्रथिन असल्याचे डिलमन आणि कोल्स यांनी १९६६ मध्ये मांडले. दाह सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांतच ते अनेक पटींनी वाढते. पण माणसाचे आणि कुत्र्याचे जमले म्हणून सगळ्या जनावरांचे जमेल, असे समजू नये. गाईत सी.आर.पी. फारसे हलत नाही, तिथे हॅप्टोग्लोबिन पाहतात; मांजरात सीरम अमायलॉइड-ए. माणसासाठीची चाचणी कुत्र्याच्या रक्तावर तशीच वापरली, तर आकडा चुकू शकतो.

आणखी एक अडचण आहे. गोचिडांमुळे होणाऱ्या तापात सी.आर.पी. वाढते, गर्भाशयात पू झाला तरी वाढते. म्हणजे आग लागल्याची वर्दी मिळते, घर कोणते ते कळत नाही. बबेसिया गिब्सोनी हा गोचीड-तापाचा परजीवी पॅटन यांनी १९१० मध्ये मद्रासच्या शिकारी कुत्र्यांत पाहिला, तो रक्तात आणि सूक्ष्मदर्शकाखाली. अशा तापात आजही काचपट्टीवरचा रक्ताचा थेंब आधी पाहावा, असे आम्हांला वाटते.

मग सी.आर.पी.चा खरा उपयोग कशात? पुन्हा पुन्हा मोजण्यात. हेलसिंकीच्या संशोधकांनी २०१७ मध्ये न्यूमोनिया झालेल्या कुत्र्यांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. काही कुत्र्यांत सी.आर.पी. पूर्ववत झाल्यावर पाच ते सात दिवसांनी प्रतिजैविक थांबवले. त्यांचा औषधाचा काळ नेहमीपेक्षा कमी झाला, आणि आजार उलटण्याचे प्रमाण वाढले नाही. १९३० साली काचनळीत दिसले होते तेच हे: आजार ओसरला की प्रथिनही ओसरते.