फेटे फ्राक्टुर: ‘नाझी फाँट’ म्हणून बदनाम झालेला टाइप मुळात कशासाठी होता?

जर्मन बिअरच्या लेबलवर किंवा बारच्या पाटीवर जाडजूड, टोकदार इंग्रजी अक्षरं दिसतात ना? त्यातला एक प्रसिद्ध फाँट म्हणजे फेटे फ्राक्टुर, अर्थात ‘जाड फ्राक्टुर’. योहान ख्रिस्टियान बाउअर याने तो १८५० मध्ये घडवला, तोही जाहिरातींसाठी. लांबून नजर खेचायची, एवढंच त्याचं काम. त्यात अख्खा परिच्छेद लावला तर वाचणाऱ्याचे हालच.

सोशल मीडियावर याला सर्रास ‘नाझी फाँट’ म्हणतात. पण हिटलर सत्तेवर आला तेव्हा हा फाँट ८३ वर्षांचा होता! नाझींनी आधी फ्राक्टुर वळण मिरवलं, हे खरं. मग ३ जानेवारी १९४१ च्या परिपत्रकात मार्टिन बोरमनने तेच वळण ‘ज्यूंची अक्षरं’ ठरवून बाद केलं. हा दावा धादांत खोटा होता. आज निओ-नाझी गटही ही अक्षरं वापरतात, त्यामुळे फाँटपेक्षा मजकूर काय आहे ते बघावं.

टॅटू काढणार असाल तर सगळी अक्षरं कॅपिटल घेऊ नका. नक्षीदार कॅपिटल शेजारी-शेजारी आली की नावच वाचता येत नाही. आणि स्मॉल ‘के’ हा बऱ्याच जणांना ‘टी’ वाटतो.