दोन मराठी विद्यार्थ्यांचा वाद

विद्यापीठातले वाद म्हटले की मला अमेरिकेत शिकलेले दोन मराठी विद्यार्थी आठवतात. पहिले श्रीधर व्यंकटेश केतकर, म्हणजे पुढचे ज्ञानकोशकार. कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना १९०९ मध्ये त्यांनी जातिसंस्थेच्या इतिहासावर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. दुसरे भीमराव आंबेडकर. शाळेत वेगळ्या तरटावर बसावे लागलेला हा विद्यार्थी बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला.

९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात आंबेडकरांनी जातीवर निबंध वाचला. जातीत जन्मलेल्यालाच प्रवेश आणि जातीबाहेर लग्नाला बंदी, ही केतकरांनी सांगितलेली जातीची दोन लक्षणे. आंबेडकरांचे म्हणणे असे, की ही एकाच गोष्टीची दोन अंगे आहेत. बाहेर लग्नच बंद केले, तर बाहेरचा आत येणार कसा? केतकरांची सूक्ष्म दृष्टी मान्य करूनच त्यांनी हा मुद्दा मांडला. आपला सिद्धान्त टिकला नाही तर तोही सोडण्याची तयारी दाखवली.

गावाकडे एका पंगतीला बसू न शकणारे हे दोघे ग्रंथाच्या पानावर बरोबरीने भिडले. विद्यापीठ कशासाठी असते, ते मला इथे कळले.